औषधाला दाद न देणारा वाण

खापर गावच्या बाजारात रतिलाल नाना पाटलांच्या बियाण्यांच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर 'काय पाहिजे' असं कोणी विचारणार नाही. गल्ल्यावरचा डोळे वटारलेला माणूस तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघेल आणि विचारेल, "बाप कोन?" बापाचं नाव सांगितलंत की दुसरा प्रश्न, "माय कोठली?" मग थोडा वेळ डोळे तसेच तुमच्यावर रोखलेले. आणि मग निकाल. "बरं शे. वाण चांगला शे. कपाशी देऊ?"

निकाल वाईट लागला तरी कपाशी मिळतेच. धंदा तो धंदा. फक्त पाकीट हातात देताना नाना एक सुस्कारा सोडतात. बियाणं एवढं चांगलं आणि पेरणारा हा, असा त्याचा अर्थ.

माझं चष्म्यांचं आणि घड्याळांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे फक्त पत्रा. त्यामुळे नाना जे बोलतात ते मला फुकटात ऐकायला मिळतं, नको असलं तरी. माझे आजोबा इथे घड्याळं दुरुस्त करायला बसले, मग वडील बसले, मग मी. एवढ्या पिढ्यांचा माल डोळ्यांसमोर असल्यावर नानांनी माझाही निकाल लावून ठेवला आहे. "सलीमभाई, तू देसी वाण. उतारा कमी, पन कीड लागत नही." हे ते माझ्याच गिऱ्हाइकांसमोर सांगतात, आणि वर मी खूश व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"बियानं बोलस" हा नानांचा मंत्र. बियाणं बोलतं, बाकी सगळं खोटं. कोणाचा मुलगा दहावीत नापास झाला, बियानं बोलस. कोणाची सून पळून गेली, बियानं बोलस. कोणी निवडून आलं, कोणी पडलं, कोणी दारू सोडली, कोणी धरली, सगळीकडे बियाणंच बोलत असे. या सिद्धांताला अपवाद एकच होता. नानांच्या दुकानातलं बियाणं उगवलं नाही, तर दोष कधीच बियाण्याचा नसे. तेव्हा जमीन, पाणी, पेरणाऱ्याची बायको, काहीही चालत असे.

नाना तापीकाठच्या गुजर पाटलांपैकी. तिकडे भावकीची केळी आहे, ऊस आहे. नाना तेवढे डोंगरपायथ्याला येऊन दुकान टाकून बसले. लग्न केलं नाही. म्हणजे करायचं होतं, पण वाण जमेना. तापीच्या दोन्ही काठांवर असं एक गुजरांचं गाव नसेल जिथे नानांनी पोहे खाल्ले नाहीत. एका मुलीच्या आजोबांना दमा होता. एकीचा काका डावखुरा निघाला. एकीचं सगळं उत्तम होतं, पण तिच्या आईचे दात नानांना पसंत पडले नाहीत. मुली बघता बघता त्या मुलींच्याही मुलींची लग्नं झाली, तेव्हा लोकांनी पोहे करणं थांबवलं.

घरात धाकटी बहीण, शांताबेन. तिला धानोऱ्याला दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे परत आली. तेव्हापासून दुकानामागच्या घरात ही दोघंच. दिवसभर भांडतात. चहात साखर जास्त झाली यावरून, कमी झाली यावरून, आणि बरोबर झाली तर मग काल का नव्हती यावरून. गल्लीत सगळ्यांचे बाप काढणारे नाना बहिणीसमोर मात्र बाप काढू शकत नसत, कारण तो दोघांचा एकच होता.

दोन वर्षांपूर्वी नानांचे डोळे मोठे व्हायला लागले. आधी मला वाटलं, चिडलेत. मग वाटलं, फारच चिडलेत. बुबुळाच्या वर पांढरं दिसायला लागलं, आणि डोळे खोबणीतून पुढे सरकल्यासारखे झाले. धंद्याला त्याचा फायदाच झाला. बियाणं उगवलं नाही म्हणून तावातावाने आलेला माणूस ते डोळे बघून अर्धा किलो भेंडीचं बी आणखी घेऊन जायचा. एकदा मयताच्या घरी नाना भेटायला गेले, तर त्या विधवेला वाटलं की यांना आत्ताच कळलं. तीच नानांची समजूत घालायला लागली. नानांचा समज मात्र असा की आपला दरारा वाढला आहे.

मी म्हणालो, "नाना, हे माझ्या काचांचं काम नाही. डॉक्टरला दाखवा." बरेच दिवस कुरकुर करून ते सुरतेला गेले. तिथल्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम मूळच्या खानदेशातल्याच आहेत. नानांनी खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनाही विचारलं, "बाप कोन?" आणि उत्तरावर समाधान झाल्यावरच डोळे दाखवले.

मॅडमनी सांगितलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडली आहे. शरीराची स्वतःचीच फौज डोळ्यांमागच्या मांसावर उठली आहे, ते सुजून डोळ्यांना पुढे ढकलतं आहे. गोळ्या घ्या, दर आठवड्याला सलाइनमधून औषध घ्या, आणि सगळ्यात आधी बिडी सोडा. बिडी हा रोग वाढवते आणि औषधालाही काम करू देत नाही. नानांनी विचारलं, मलाच का झालं? तर त्या म्हणाल्या, थोडं जनुकांत असतं. औषध कोणाला लागू पडतं, कोणाला नाही, तेही काही अंशी जनुकांवर असावं, त्याचा शोध चालू आहे.

मॅडम बिडीवर बराच वेळ बोलल्या असणार, आणि जनुकांवर ही दोन वाक्यं. नाना खापरला परत आले ते तेवढी दोन वाक्यं घेऊन. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. बिडी सोडता येते, वाण सोडता येत नाही. म्हणूनच माणसाला दोष द्यायला वाण बरा वाटतो. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी बिडी पेटवली आणि माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "सलीमभाई, मी काय सांगंतू? पाकीटवर ऱ्हास तसा माणूसले बी लॉट नंबर ऱ्हास. रक्तमा लिखेल शे. आते डॉक्टर लोकेसनी बी मान्य करं."

त्यानंतर नानांनी घराण्याची तपासणी काढली. हे डोळे आले कुठून? बापाकडून की आईकडून? तापीकाठी भावकीतलं एक लग्न होतं, शेजारी म्हणून मीही गेलो होतो. नाना खिशात टॉर्च घेऊन आले. वऱ्हाडी पंगतीला बसले, की हे समोर उकिडवे बसून एकेकाच्या डोळ्यांत उजेड मारायचे. "वर देख. खाले देख. जेव आते." नवरदेवालाही सोडलं नाही. शेवटी ते मामांच्या घरच्या पंगतीपाशी पोचले, बऱ्याच जणांचे डोळे पाहिले, आणि उभे राहून जाहीर केलं की असे दमदार डोळे या लोकांच्या सात पिढ्यांत होणं शक्य नाही, हा शुद्ध पाटलांचा वाण आहे. मामांकडच्यांना राग आला. वास्तविक रोग आपल्याकडचा नाही म्हणून त्यांनी आनंदाने आणखी एक जिलबी घ्यायला हवी होती. पण अपमान तो अपमान. ती सगळी माणसं ताटं सोडून उठली. जमिनीवरून उठलेली पंगत मी पाहिली होती, मानपानावरून उठलेलीही पाहिली होती. आजार आमच्याकडचा का नाही, म्हणून उठलेली तेवढी एकच.

सुरतेच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला नाना सलाइन लावून घ्यायचे आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन बिडी ओढायचे. हाताला सुईची पट्टी तशीच. कोर्स संपला, डोळे होते तिथेच. मॅडमनी सांगितलं, औषधाचा उपयोग झालेला नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. नाना पेढे घेऊन आले.

"लागू नही पडनं!" ते म्हणाले. "सुरतनं औषध, मोठं औषध, हारी गयं. अस्सल वाण शे, सलीमभाई. औषधले दाद देत नही."

मी म्हणालो, "नाना, औषधाला दाद देत नाही ती बोंडअळी. कपाशी नव्हे."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून गेलेला चहा परत पाठवला. पण बाजारात सांगायचं थांबले नाहीत. महिनोन् महिने तेच. जो येईल त्याला औषध हरल्याची कथा, आणि शेवटी आत बोट दाखवून, "मी नि शांता, एकच गोनीनं बियानं. अस्सल पाटील." शांताबेन आतून ओरडायची, "तू गोनीमा जाय, माले काबर लई जास?" पण ऐकत असायची. रोज ऐकलेलं माणसाच्या अंगात मुरतं.

मग हिवाळा आला, आणि मिरची.

शांताबेन दरवर्षी नंदुरबारहून लाल मिरची मागवते, अंगणात पसरते, देठ खुडते आणि वर्षाचं तिखट करते. यंदा मिरची पसरून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, मिरची लाल नही. विटकर सारखी दिखस."

नानांच्या कानावर वाक्य पडायचा अवकाश. "भेसळ!" बियाण्यात भेसळ, वाणात भेसळ! त्यांनी मिरचीवाल्या व्यापाऱ्याला फोनवर एवढं झोडपलं की त्याने बिचाऱ्याने दुसरा माल पाठवला. तोही विटकरी. मग नानांनी बियाणेवाल्याला शोभेल अशी चौकशी आरंभली. मिरच्या फोडून बी काढलं, ओल्या गोणपाटात बांधून उगवण तपासली. उगवण उत्तम. "मंग रंग कोठे गया?" म्हणून मूठभर मिरची घेऊन ते बाजारभर फिरले. प्रत्येकाच्या नाकासमोर ती धरायची आणि विचारायचं, "लाल शे का?" मिरची चांगली लालभडक होती. पण त्या डोळ्यांसमोर खरं बोलायची कोणाची छाती? सगळे म्हणाले, हाव नाना, फिकी शे. अख्ख्या खापरने मिळून मिरचीला खोटं ठरवलं. मीही नुसती मान हलवली, कारण गिऱ्हाईक उभं होतं.

एका दुपारी शांताबेन चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आली. पदरात मिरची होतीच. म्हणाली, "सलीमभाई, तू खरं सांग. लाल शे का?" मी म्हणालो, लाल आहे. ती चिडली. मी दांडीचा स्क्रू पिळत होतो. तिचा डावा डोळा चुरचुरला असेल, तिने त्यावर तळवा ठेवला आणि पुन्हा मिरचीकडे पाहिलं.

"आरे! आते लाल शे."

तिने तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. "आते नही."

पुन्हा हात बदलला. पुन्हा. तिला गंमत वाटत होती, लहान मुलीसारखी. मी चष्मा खाली ठेवला. मिरचीच्या रंगाला काही झालेलं नव्हतं, तिच्या डोळ्यातून रंग जात होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिचेही डोळे मोठे झालेत. आमच्या कोणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं, कारण शांताबेन नेहमीच डोळे वटारून बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं सुरतेला गेलो. नानांनी वाटेत एकालाही बाप विचारला नाही. मॅडमनी तपासलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. तोच रोग. पण शांताबेनच्या डोळ्यामागची सूज नजरेच्या शिरेवर दाबत होती. आधी रंग जातात, मग नजर जाते. त्या म्हणाल्या, "आजच भरती व्हा. सलाइनने सूज उतरली नाही तर ऑपरेशन करू. पण थांबलात तर डावा डोळा जाईल."

शांताबेन उठली आणि पिशवी काखेत मारली. "नको."

मॅडमना वाटलं, खर्चाचं असेल. शांताबेन म्हणाली, "खर्च कसाना? दादाले हाईच औषध दिनं ना तुम्ही? लागू पडनं का? आम्ही एकच गोनीनं बियानं. त्याले नही पडनं, माले कसं पडी? कसाले सुया खुपसी लेऊ?"

मी नानांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे डोळे योग्य कारणासाठी विस्फारले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तिनं रक्त तपासा. जनुक तपासा. तिले सांगा, तिना वाण अलग शे."

"असा तपास अजून नाही, नाना," मॅडम म्हणाल्या. "शोध चालू आहे, पण आज रक्त बघून कोणाला औषध लागू पडेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सख्ख्या भावंडांतही फरक पडतो. आणि तुमच्या बाबतीत तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की..." त्यांची नजर नानांच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. "हाव, हाव," म्हणत नानांनी बिडीच्या बंडलावर हात ठेवला, छातीत कळ आल्यासारखा. मॅडम बोलायच्या थांबल्या. शांताबेन तर केव्हाच बाहेर जाऊन उभी होती. आम्ही तसेच परत आलो.

पुढचे दिवस मी पत्र्याच्या अलीकडून ऐकत होतो. नानांनी रागावून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं, देवाची शपथ घालून पाहिली. शेवटी म्हणाले, "शांता, तू मायवर गयी, मी बापवर. तुन्हा वाण मामासना." त्यावर ती म्हणाली, "मंग भर लग्नमा मामासनी पंगत काबर उठाडी?" जन्मभर पेरलं ते उगवलं होतं, आणि उगवण शंभर टक्के. माझं तर डोकं फिरलं होतं. एका माणसाच्या बडबडीपायी एका बाईचा डोळा जाणार, आणि ती बडबड ऐकून आम्ही सगळे इतकी वर्षं हसत आलो होतो.

मग बाजाराचा दिवस आला. डोंगरातली माणसं उन्हाळी मक्याच्या बियाण्याला आली होती, दुकान गच्च भरलेलं. गर्दी असली की शांताबेन गल्ल्याशेजारी उभी राहून पाकिटं देते. एका म्हाताऱ्याने लाल पट्ट्याचं पाकीट मागितलं. तिने तपकिरी पट्ट्याचं दिलं. म्हातारा म्हणाला, हे नाही. तिने दुसरं दिलं, तेही तपकिरी. रतिलाल नानांच्या दुकानातून चुकीचा वाण गिऱ्हाइकाच्या हातात गेला होता. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. शांताबेन दोन हातांत दोन पाकिटं धरून उभी राहिली. एक डोळा मिटला, मग दुसरा. मी माझ्या दुकानातून उठून त्यांच्या उंबऱ्यापाशी आलो होतो.

नाना गल्ल्यावरून उतरले. तिच्या हातातून पाकिटं घेतली.

"शांता, आयक. वाण खोटा नही. औषध बी खोटं नही. मी बिडी सोडी नही, म्हनीसन माले लागू नही पडनं. मॅडमनी पहिलेच दिवस सांगं व्हतं. मी सुई काढीसन फाटकवरच बिडी लावंतू. दर खेपले."

"खोटं बोली ऱ्हायना," शांताबेन म्हणाली. "माले सुरतले धाडाकरता."

"सलीमभाई, सांग तिले."

मी म्हणालो, "खरं आहे, शांताबेन. त्या दिवशी मॅडम तेच सांगत होत्या, यांनी बोलू दिलं नाही."

दुकानात कोणीतरी हसलं. मागून एक जण, नानांनी ज्याचा बाप अनेकदा काढला असेल असाच कोणी, मोठ्याने म्हणाला, "मंग नाना, बियानं बोलस ते?"

नानांनी त्याच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"बियानं काही बोलत नही," ते म्हणाले. "इतला दिन मीच बोली ऱ्हायंतू."

आता मात्र सगळे हसले. बाजारच्या दिवशी, भरल्या दुकानात, स्वतःच्या गल्ल्यासमोर उभं राहून नानांनी जन्मभराचं दुकान बंद केलं होतं. कपाळावर घाम होता, पण हलले नाहीत.

शांताबेनने विचारलं, "नि माले बी लागू नही पडनं ते?"

"ते ऑपरेशन. मी संगे शे. तू बिडी पेस नही, तुन्हं वावर साफ शे." एवढं ते नीट बोलले. मग त्यांनी हातातली पाकिटं गल्ल्यावर टाकली. "तू आंधळी व्हयनी ते मी भांडू कोनासंगे?"

शांताबेनने पदराने हात पुसले. म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, लाल पट्टानं तूच हुडकी ले." आणि भावाला म्हणाली, "गाडी कितला वाजता शे?"

ती भरती झाली. पुढचे आठवडे दुकान बहुतेक बंदच होतं, आणि बाजारात नानांची टिंगल जोरात चालू होती. मुलं एकमेकांना "बाप कोन" विचारून खिदळायची. मला ती टिंगल आवडली नाही. ती करायचा हक्क माझा होता.

एकदा काचांचा माल आणायला सुरतेला गेलो, तेव्हा दवाखान्यात डोकावलो. शांताबेनचं सलाइन चालू होतं. मॅडमनी पेनचं लाल टोपण तिच्या एकेका डोळ्यासमोर धरून विचारलं. ती म्हणाली, "दोन्हीकडे लाल शे. कितला येळा विचारशात?" मॅडम हसल्या. औषध लागू पडलं होतं. डोळा वाचला होता, अजून काही खेपा मात्र यायला लागणार होतं. मग त्या नानांकडे वळल्या. एका आईबापाची दोन मुलं, एकाला औषध लागलं, एकाला नाही. त्यांच्या शोधाला अशी जोडी फार उपयोगी. दोघांचं रक्त द्याल का?

जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो नानांसमोर उभा होता. त्यांचा लॉट नंबर कोणीतरी खरोखर वाचायला मागत होतं. नाना म्हणाले, "मन्हं नको. माफ करा."

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर मी विचारलं, "नाना, का हो?"

"तिना खेपा बाकी शेतस, सलीमभाई. रक्तमा दोन्ही एकच निंघनूत, नि कोनी तिले सांगी दिनं, ते ती आर्धामाईन उठीसन चालनी जाई. मी तिले वळखस." ते बडीशेप चघळत होते. बिडी सुटली आहे असं त्यांचं म्हणणं आहे, आणि यावेळी माझा विश्वास आहे. "माले माहीत करी लेवानं नही. मरापर्यंत नही."

ते मान तिरकी करून दारातून आत बघत होते. चष्मेवाल्याला अशी मान कळते. डोळे पुढे आल्यावर दोन्हींचा मेळ सुटतो आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. मी म्हणालो, "दोन दोन दिसतंय ना तुम्हाला? खापरला आलात की प्रिझमची काच बसवून देतो. सगळं एकच दिसेल."

"ऱ्हाऊ दे."

"अहो, त्रास होत असेल."

"रस्तामा होस. घरमा नही होत." त्यांनी बडीशेपेचा चोथा खिडकीतून टाकला. "आमना घरमा कधी तिसरं माणूस ऱ्हायनंच नही, सलीमभाई. मीच येऊ दिनं नही. आते चूलकडे देखू ते दोन शांता दिखतीस. घर भरेल वाटस."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच. तेवढ्यात आतून शांताबेनने हाक मारली, उशी सरकली होती. नाना लगबगीने आत गेले आणि खाटेपाशी जाऊन हात पुढे केला, तो नसलेल्या शांताबेनकडे.

"अठे शे मी, अठे," ती करवादली, आणि मनगट धरून तो हात तिने आपल्याकडे ओढून घेतला.